पाणी पाळावे लागते



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राज्यकारभार, इतिहास, वाङ्मय, अर्थकारण असले भारदस्त विषय ऐकण्याची आपल्याला सवय असते. त्यामानाने घरातल्या काचेच्या टाकीत ठेवलेल्या माशांचे दुखणे हा विषय काहीसा पोरकट वाटण्याचा संभव आहे. पण आज कितीतरी घरांतून अशी टाकी असते. मुलांच्या हट्टाखातर ती येते, पहिले चार दिवस सारे घर तिच्याभोवती जमते, आणि महिना-दोन महिन्यांत ती माळ्यावर जाऊन पडते. माळ्यावर का जाते, तर मासे जगत नाहीत म्हणून. "आमच्याकडे मासे लाभत नाहीत," असे म्हणून लोक मोकळे होतात. लाभणे न लाभणे यात दैवाचा भाग फार थोडा आहे आणि रसायनशास्त्राचा फार मोठा आहे, एवढेच आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

सुरुवातीलाच एक कोडे घालतो. टाकी घाण झाली म्हणून रविवारी आपण ती सगळी रिकामी केली. वाळू, दगड घासून धुतले, फिल्टरमधला स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला, काच लखलखीत केली, ताजे पाणी भरले आणि मासे परत सोडले. सोमवारी सकाळी पाहतो तो दोन मासे उलटे तरंगत आहेत आणि उरलेले पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकत आहेत. घाणेरड्या पाण्यात जे मासे चार महिने जगले, ते स्वच्छ पाण्यात एका रात्रीत का मेले? हा अनुभव इतक्या घरांतून येतो की त्याला योगायोग म्हणता येत नाही. या कोड्याचे उत्तर ज्याला सापडले त्याला मासे पाळण्याची निम्मी विद्या आली असे समजावे.

उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जाऊ. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने काचेच्या मोठ्या भांड्यात सोनेरी माशांची एक जोडी आणि व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली, आणि काय घडते ते पाहत बसला. मासा प्राणवायू घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. वनस्पती उजेडात याच्या उलट करते. तेव्हा दोघांचे एकमेकांवर भागावे असा त्याचा हिशेब होता. काही दिवस बरे गेले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने तळ्यातल्या चार-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी पुन्हा निवळले. हा प्रयोग त्याने 1850 साली तेथील केमिकल सोसायटीपुढे मांडला. पुढे 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले, आणि 1854 साली फिलिप गॉस याच्या पुस्तकाने 'अक्वेरियम' हा शब्द घरोघरी नेला. आपल्याकडे मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय उघडले ते 1951 साली. त्याच्या काचांना नाक लावून उभे राहण्यात बालपणीची एखादी दुपार घालवलेली पुष्कळ मंडळी या सभेत असतील.

वॉरिंग्टनचा विचार मोठा सुंदर होता, पण त्याच्या हिशेबात एक जमाखाते राहून गेले होते. मासा, वनस्पती आणि गोगलगाय हे तिघे त्याला दिसले. चौथा भागीदार डोळ्यांना दिसत नसल्यामुळे त्याच्या ध्यानात आला नाही. आणि दुकान खरे चालते ते या चौथ्याच्या जिवावर!

तो कोण, ते शेतकऱ्याला विचारा. ताजे, कच्चे शेण पिकाच्या मुळाशी घातले तर पीक जळते. तेच शेण उकिरड्यात चांगले कुजवून घातले की पीक तरारून उठते. दोन्हींत द्रव्य तेच. मग मध्ये काय घडले? बिहारमधले नोनिया लोक शतकानुशतके जुन्या भिंतींच्या बुडाची आणि गोठ्यांच्या आसपासची माती खरवडून तिच्यातून सोरा काढीत. गुरांच्या मूत्राने भिजलेल्या मातीत सोरा तयार होतो हे त्यांना पक्के ठाऊक होते. ईस्ट इंडिया कंपनीने हाच सोरा जहाजे भरभरून युरोपात नेला आणि त्याची तोफांसाठी दारू झाली. पण मूत्राचा सोरा होतो तरी कसा, याचा उलगडा व्हायला 1877 साल उजाडावे लागले. त्या वर्षी श्लोझिंग आणि म्युंट्स या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी आपला एक साधा प्रयोग जाहीर केला. वाळू आणि चुनखडी भरलेल्या एका लांब नळीतून त्यांनी गटाराचे पाणी हळूहळू झिरपू दिले. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसा आत गेला तसाच बाहेर आला. मग खालून येणाऱ्या पाण्यातला अमोनिया नाहीसा होऊन त्या जागी नायट्रेट, म्हणजे सोऱ्यातले द्रव्य, दिसू लागले. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्म सोडला. क्रिया थांबली. क्लोरोफॉर्म धुऊन काढला, तरी ती पुन्हा सुरू होईना. शेवटी थोडी बागेतली माती पाण्यात कालवून ते पाणी नळीत ओतले, तेव्हा कुठे काम पुन्हा सुरू झाले. यावरून सिद्ध झाले की हे काम जिवंत जंतूंचे आहे. हे जंतू 1890 च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने वेगळे काढून दाखवले.

श्रोतेहो, या एका नळीत आपल्या टाकीचे सगळे शास्त्र भरलेले आहे. वीस दिवस काहीच घडत नाही, हे नव्या टाकीचे दुखणे. विषारी द्रव्याने काम बंद पडते, हा औषधांचा धडा. आणि मूठभर मातीने ते पुन्हा सुरू होते, हा उपाय. हे तिन्ही एकेक करून पाहू.

मासा जे खातो त्यातले नत्र तो मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. म्हणजे ज्या पाण्यात तो श्वास घेतो त्याच पाण्यात त्याचा मलमूत्रविसर्ग चालतो. नदीत किंवा तळ्यात हे खपून जाते. काचेच्या चार भिंतींत खपत नाही. थोडा हिशेब करून पाहा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी घेतली तर वाळू-दगड वजा जाता तिच्यात सुमारे 45 लिटर पाणी मावते. माशांच्या खाद्यात शेकडा 40 भाग प्रथिन असले, तर एका ग्रॅम खाद्यात 64 मिलिग्रॅम नत्र होते. त्यातले निम्मे जरी पाण्यात उतरले तरी एका ग्रॅममागे दर लिटरला 0.7 मिलिग्रॅम नत्राची भर पडते. आणि घरात मुले दोन असली की एक सकाळी घालतो, दुसरा दुपारी, आणि संध्याकाळी आजोबा, कारण मासे काचेजवळ येऊन तोंड हलवतात आणि त्यांना भूक लागली असावी असे वाटते! आठ दिवसांत ते पाणी नुसत्या डोळ्यांना निर्मळच दिसते, पण कल्ल्यांना जाळणारे झालेले असते.

जंतू या अमोनियाचे काय करतात? त्यांची एक तुकडी त्याचे नायट्राइट करते. हेही विषच. ते रक्तात शिरले की रक्त तपकिरी होते आणि त्याची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. दुसरी तुकडी नायट्राइटचे नायट्रेट करते. नायट्रेट पुष्कळ साठले तर बाधते, पण थोडके माशाला सोसते आणि वनस्पतींना खत होते. या दुसऱ्या तुकडीत मुख्य कोणते जंतू असतात याबद्दलची जुनी समजूत 1998 साली घरगुती टाक्यांच्या अभ्यासातून बदलली. 2015 साली तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे सारे काम एकट्याने करणारे जंतू सापडले, आणि त्यांतले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच होते. हे जंतू पाण्यात मोकळे फिरत नाहीत. ते वाळूच्या कणांवर, दगडांवर आणि सगळ्यांत जास्त फिल्टरच्या स्पंजात चिकटून राहतात. स्पंजावरचा तो तपकिरी, बुळबुळीत थर, जो गृहिणीला पाहवत नाही, तोच टाकीचा प्राण आहे.

हे जंतू फार हळू वाढतात. नवी टाकी आणली, पाणी भरले आणि त्याच दिवशी दहा मासे सोडले, तर आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट चढते, आणि दोन्ही उतरायला चार ते सहा आठवडे लागतात. नेमके दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे मरू लागतात ते यामुळे. मग दुकानदाराला शिव्या बसतात, नवे मासे आणले जातात, आणि तेही त्याच वाटेने जातात. याला उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. दूध ठेवून दिले म्हणून त्याचे चांगले दही होत नाही. शेजारणीकडून विरजण आणावे लागते. तसेच टाकीचेही आहे. ज्याच्याकडे निरोगी, जुनी टाकी आहे त्याच्याकडून फिल्टरच्या स्पंजाचा एक तुकडा किंवा मूठभर वाळू ओली ठेवून आणावी आणि आपल्या फिल्टरमध्ये घालावी. आरंभी दोनच चिवट मासे सोडावेत, खाद्य चिमूटभर घालावे आणि महिनाभर धीर धरावा. विरजण लागायला जो वेळ लागतो तो लागतोच. भांडे हलवून दही लवकर लागत नाही.

आता आपल्या कोड्याकडे वळू. रविवारी आपण काय काय केले? स्पंज नळाखाली धुतला. शहराच्या नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो, आणि तो जंतू मारण्यासाठीच घातलेला असतो. त्याने चार महिन्यांत जमलेली सगळी वसाहत मारली. तोच क्लोरिन माशांच्या कल्ल्यांनाही झोंबला. ताज्या पाण्याचे तापमान वेगळे, त्यातले क्षार वेगळे. त्याचा धक्का निराळा. म्हणजे घर झाडले ते झाडले, पण झाडता झाडता स्वयंपाकी, भंगी आणि वैद्य या तिघांनाही घराबाहेर काढले.

"पण आम्ही सगळे पाणी बदलले नव्हते, निम्मेच बदलले होते, तरी मासे मेले," असे कोणी म्हणेल. त्याचेही कारण आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. पाणी आम्ल आहे की अल्क हे मोजण्याचे एक माप आहे. इंग्रजीत त्याला पीएच म्हणतात, आपल्या शेतकी पुस्तकांत सामू म्हणतात. सात म्हणजे मध्य, खाली आम्ल, वर अल्क. अमोनिया पाण्यात दोन रूपांत राहतो. एक मोकळा आणि जहाल, दुसरा बांधलेला आणि बराच सौम्य. सामू जसा चढतो तसा मोकळा भाग वाढतो. 25 अंश तापमानाला सामू 6.5 असता शेकडा 0.2 हूनही कमी अमोनिया मोकळा असतो; सामू 8 झाला की शेकडा 5 च्या वर. आता महिनोन् महिने पाणी न बदललेली टाकी घ्या. जंतूंच्या कामातून आम्ल तयार होते, पाण्यातला चुना संपत जातो, आणि सामू उतरत जातो. आम्ल पाण्यात ते जंतूही मंदावतात आणि अमोनिया साठतो. समजा दर लिटरला 4 मिलिग्रॅम साठला. सामू 6.5 आहे, म्हणून त्यातला मोकळा भाग 0.007 मिलिग्रॅम. मासे मलूल दिसतात, पण जगतात. आता आपण निम्मे पाणी काढले आणि दख्खनच्या पाषाणातून वर आलेले बोअरचे जड पाणी भरले. अमोनिया निम्मा झाला, 2 मिलिग्रॅमवर आला. पण सामू 8 च्या आसपास गेल्याने मोकळा अमोनिया 0.1 मिलिग्रॅमच्या वर चढला. एकूण विष निम्मे झाले आणि त्याची मारक शक्ती पंधरापट वाढली! आगीतून फुफाट्यात पडणे म्हणतात ते हेच. अशी जुनी टाकी दुरुस्त करायची तर एका दिवसात करू नये. रोज शेकडा दहा भाग पाणी बदलत बदलत आठ-दहा दिवसांत करावी.

आणि नियम म्हणून विचाराल तर दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, कधीच सगळे बदलू नये. नवे पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे म्हणजे क्लोरिन उडून जातो. घाई असेल तर फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणत, त्या सोडियम थायोसल्फेटचे थेंब दुकानात मिळतात, ते घालावेत. स्पंज महिन्यातून एकदा, आणि तोही टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात नुसता दोनदा पिळावा. साबण टाकीच्या आसपासही नेऊ नये. पाणी गढूळ झाले म्हणून तुरटी फिरवू नये. माणसांच्या पिण्याच्या पाण्याला ती चालते, पण तिने पाणी आम्ल होते आणि तिच्यातले ॲल्युमिनियम माशाच्या कल्ल्यांना बाधते.

सध्याचे दिवस वैशाखाचे आहेत, म्हणून उन्हाळ्याबद्दल दोन शब्द सांगतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंशांना लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसात. आणि तापलेल्या पाण्यात माशाची भूक, हालचाल आणि श्वास तर वाढतो. उत्पन्न घटले आणि खर्च वाढला अशी ही संसाराची ओढाताण आहे. पाणी थंड करायला बर्फाचे खडे टाकू नयेत. एकदम उतरलेले तापमान वाढलेल्या तापमानाइतकेच वाईट. टाकीचे झाकण काढून वर जाळी घालावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने टाकीतले दोन-तीन अंशांनी उतरते. वीज गेली आणि पंप थांबला तर तांब्याने पाणी वर उचलून धारेने खाली सोडावे, दर अर्ध्या तासाने थोडा वेळ. फिल्टर कित्येक तास बंद राहिला असेल तर तो सुरू करण्यापूर्वी त्याचे पाणी ओतून टाकून स्पंज टाकीच्या पाण्यात हलवून घ्यावा, कारण त्यातले जंतूही प्राणवायूवाचून मेलेले असू शकतात. आणि एक गोष्ट आपल्या देशात विशेष सांगायला हवी. डासांसाठी लावतो ती वडी, यंत्र किंवा फवारा यांतली बहुतेक औषधे माशांना अत्यंत विषारी असतात, आणि हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. ज्या खोलीत मासे, त्या खोलीत ही औषधे नकोत.

इतके करूनही मासा आजारी पडला तर? पहिली गोष्ट ही की, मासा ओरडत नाही. त्याचे दुखणे डोळ्यांनी वाचावे लागते. पर मिटून कोपऱ्यात बसणे, खाद्याकडे न वळणे, अंग दगडावर घासणे, पृष्ठभागाशी धापा टाकणे ही त्याची भाषा. ही लक्षणे दिसली की आपला हात पहिल्यांदा औषधाच्या बाटलीकडे जातो. तो आवरावा. आधी पाणी तपासावे. अमोनिया, नायट्राइट आणि सामू पाहण्याच्या, थेंब टाकून रंग ओळखायच्या लहान पेट्या मिळतात. माशांच्या दोन-चार जोड्यांच्या किमतीत येणारी ही वस्तू टाकीबरोबरच घ्यावी. अमोनिया किंवा नायट्राइट दिसले तर खाद्य दोन दिवस बंद. निरोगी मोठा मासा काही दिवस उपाशी राहून मरत नाही. हवा वाढवावी, आणि तिसरा हिस्सा पाणी, त्याच तापमानाचे आणि शक्य तो त्याच सामूचे, बदलावे. नायट्राइट असेल तर दर लिटरला एक ग्रॅम साधे मीठ वेगळे विरघळवून हळूहळू घालावे. मिठातला क्लोराइड हा अंश कल्ल्यांशी नायट्राइटची वाट अडवतो. पुष्कळदा एवढ्यानेच मासे दोन दिवसांत हिंडू-फिरू लागतात, कारण दुखणे माशाचे नसतेच, पाण्याचे असते. आणि सगळेच मासे एकदम आजारी पडले असतील तर शंभरातल्या नव्वद वेळा संशय पाण्याचाच घ्यावा.

पाणी चांगले असून एखाद्याच माशाला काही झाले असेल, तर मग रोग ओळखावा. सर्वांत परिचयाचा म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा. अंगावर आणि परांवर मीठ भुरभुरल्यासारखे दाणे दिसतात. प्रत्येक दाण्याखाली एकपेशीय परजीवी कातडीत घर करून बसलेला असतो. तो पुष्ट झाला की गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कोश करतो, आणि त्यातून शेकडो पिले बाहेर पडतात. ती दोन-तीन दिवसांत मासा न मिळाला तर मरतात. हे जीवनचक्र ठाऊक असणे महत्त्वाचे, कारण कातडीतल्या परजीवीला आणि कोशातल्याला औषध लागत नाही; फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिलांना लागते. लोक तीन दिवस औषध घालतात, ठिपके गेलेले पाहून थांबतात, आणि आठवड्याने दुप्पट ठिपके येतात. ते ठिपके बरे होऊन गेलेले नव्हते, पिकून गळलेले होते! म्हणून उपचार किमान दोन आठवडे चालू ठेवावा. पाणी दिवसाला एक-दोन अंश या बेताने 30 अंशांपर्यंत चढवावे, हवा वाढवावी, आणि सोसणाऱ्या माशांना दर लिटरला दोन-तीन ग्रॅम मीठ द्यावे. हे मीठ वनस्पतींना आणि काही मिशाळ माशांना सोसत नाही, हे लक्षात ठेवावे.

पर झिजणे, तोंडाशी कापसासारखा थर येणे हे जंतूंचे किंवा बुरशीचे काम. पण हे जंतू बहुतेक टाक्यांत नेहमीच असतात आणि चढाई करतात ती माशाची शक्ती खचल्यावर. पोट फुगून खवले उभे राहणे हे शेवटचे लक्षण. त्यातून मासा क्वचितच उठतो.

औषध द्यायचेच झाले तर आजाऱ्याला वेगळ्या भांड्यात काढून द्यावे. दुकानातले निळे औषध मोठ्या टाकीत ओतले तर मासा वाचेल न वाचेल, फिल्टरमधली वसाहत मात्र दुखावते. श्लोझिंगच्या नळीतला क्लोरोफॉर्म आठवा. माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्या फोडून टाकीत टाकण्याची चाल तर सर्वस्वी सोडावी. मात्रा कुणाला ठाऊक नसते, नेमका जंतू कोणता ते पाहिलेले नसते, आणि अर्धवट मेलेल्या जंतूंतून जे वाचतात ते औषधाला न जुमानणारे निपजतात. ते पाणी शेवटी आपल्याच गटारात आणि नदीत जाते. माशांच्या एका जातीच्या क्षयजंतूची बाधा माणसाच्या हातालाही होते; बोटाला जखम असताना टाकीत हात घालू नये, आणि गाठ आलीच तर वैद्याला टाकीची गोष्ट आवर्जून सांगावी.

खरे औषध म्हणजे नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मगच घरच्या टाकीत सोडणे. आपल्याकडे साथीच्या दिवसांत गावाबाहेर राहुट्या पडत, तोच हा प्रकार. आणि दुसरे औषध म्हणजे गर्दी न करणे. काचेचा गोल हंडा हा माशाच्या दृष्टीने कोंडवाडाच. त्यात पाणी थोडे आणि हवेशी भिडणारा पृष्ठभाग त्याहून थोडा. रोम शहराने 2005 साली असे हंडे वापरण्यास बंदी केली. सोनेरी मासा सहा महिन्यांचा पाहुणा आहे अशी आपली समजूत. पण इंग्लंडमध्ये 1956 साली जत्रेत जिंकलेला टिश नावाचा एक सोनेरी मासा 1999 साली मेला, त्रेचाळीस वर्षांचा होऊन. आपल्या हातून जो सहा महिन्यांत जातो त्याचे आयुष्य केवढे असू शकते हे त्यावरून कळेल.

कंटाळा आला, किंवा मासा टाकीत मावेनासा झाला, तर काय करावे? पुष्कळ भाविक माणसे त्याला नदीत किंवा तळ्यात सोडून देतात आणि जीवदान दिल्याचे समाधान मानतात. हे जीवदान नव्हे. काच साफ करतो म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकेतला चोषक तोंडाचा मासा अशाच वाटांनी बाहेर पडून आपल्या देशातल्या नद्या-तळ्यांत पसरला आहे. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ प्रदेशात मासे धरणाऱ्यांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात. आणि आजारी मासा सोडला तर त्याच्याबरोबर त्याचा रोगही नदीत जातो. नको असलेला मासा दुकानात परत द्यावा, दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा, पण ओढ्यात सोडू नये.

शेवटी एवढेच सांगतो. टाकी घरात आणताना आपण मुलाला काहीतरी शिकवायला निघालेलो असतो. पहिला मासा मेला की "जाऊ दे, उद्या दुसरा आणू," असे आपण सहज बोलून जातो, आणि मूल तेवढेच शिकते, की जीव ही बाजारात मिळणारी वस्तू आहे. त्याऐवजी त्याच्या हाती पाणी तपासायची पेटी द्या, दर रविवारी चौथा हिस्सा पाणी त्याला बदलू द्या, आकडे वहीत लिहू द्या. दिसायला निर्मळ ते निर्मळ असतेच असे नाही, आणि दिसायला बुळबुळीत ते घाण असतेच असे नाही, हे त्याला स्वतःच्या हिशेबाने कळेल. आणि एवढ्याशा काचेतल्या पंचेचाळीस लिटर पाण्याला किती जपावे लागते हे ज्याला कळले, तो मोठेपणी गावच्या नदीत काय सोडले जाते याकडे डोळेझाक करणार नाही, अशी मला आशा वाटते. मासा आपोआप जगतो. पाळावे लागते ते पाणी.